आडव्या झाडातला ताण

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतल्या माडपोफळी आडव्या झाल्या. तेव्हापासून कुणी घाईघाईने चेनसॉ सुरू केली की माझा जीव टांगणीला लागतो.

कौलांवर रेललेली फणसाची फांदी नीट बघावी. वाकाच्या आतल्या बाजूला दाब असतो, बाहेरच्या बाजूला ताण. आधी दाबाच्या बाजूने उथळ काप, मग ताणाच्या बाजूने सावकाश. उलट केलं तर फांदी चिरफाळून तोंडावर उसळते. पात्याच्या टोकाची वरची कड लाकडाला टेकली, तर मशीनच झटक्यात अंगावर उलटते. म्हणून दोन्ही हातांची घट्ट पकड हवी, अंगठा मुठीखालून वळवलेला, अंग पात्याच्या रेषेबाहेर. शिडीवर चढून तर नाहीच! तारेत अडकलेल्या झाडाला वीज मंडळाची माणसं येईपर्यंत हात लावू नये.

मला सर्वांत भीती वाटते उन्मळलेल्या आंब्याची. खोड कापलं की भार उतरतो आणि मुळांचा गड्डा धाडकन पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. पोरांना नेमकं त्याच खड्ड्यात खेळायला आवडतं. मशीनची दोरी ओढण्याआधी तिथे डोकावून या.