लेकरा, गाण्याच्या खालचं ऐक

घनसावंगी

चि. सोन्यास,

तुझा प्रश्न वाचला आणि ठरवलं, याचं उत्तर फोनवर द्यायचं नाही, सविस्तर लिहायचं. तू म्हणतोस, अमेरिकेतल्या रॅपवाल्यांच्या पाठीशी सोल आणि फंकच्या जुन्या रेकॉर्डींचा ढीग आहे, त्यातून ते हवं ते सॅम्पल काढतात. आपल्या पाठीशी काय आहे? सोन्या, आपल्या पाठीशी कल्याणजी-आनंदजी आहेत. हे एकट्या मामाचं मत समजू नकोस. ज्यांचे बीट ऐकून तू बीट बांधायला शिकतोयस, त्यांनी या दोघा भावांना आपल्याआधी ओळखलं.

आपल्याकडं जुन्या संगीतकारांचा विषय निघाला की शंकर-जयकिशन, मदनमोहन, आरडी, लक्ष्मी-प्यारे अशी नावं भराभर येतात. कल्याणजी-आनंदजी कुणाला तरी मागाहून आठवतात, तेही 'हां, ते पण होते' अशा सुरात. मला हे कायम खटकत आलंय. ज्या लक्ष्मीकांत-प्यारेलालचं नाव आपण आधी घेतो, ते स्वतः उमेदवारीच्या काळात याच भावांचे सहायक होते. 'सरस्वतीचंद्र'ला संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण फिल्मफेअरची बाहुली त्यांच्या वाट्याला एकदाच आली, 'कोरा कागज'साठी. आणि 'उपकार', 'जॉनी मेरा नाम', 'डॉन', 'कुर्बानी' या चित्रपटांची गाणी आपल्या गावागावांत लाऊडस्पीकरवर वाजत राहिली ती अमिताभची, हेलनची, फिरोज खानची म्हणून. चाल कुणाची, हे विचारायची आपल्याला सवयच नव्हती.

तुला त्यांची पहिली ओळख पोरवयातच झालेली आहे, फक्त तुला ते ठाऊक नाही. आपल्याकडं एकही वरात नागीन वाजल्याशिवाय मारुतीच्या पारापर्यंत पोचत नाही. बँजोवाला ती धून सुरू करतो, एक जण दातात रुमाल धरून पुंगी करतो, दुसरा नवे कपडे घालून डांबरी रस्त्यावर आडवा पडतो आणि म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसतात. ती धून 1954 च्या 'नागिन' चित्रपटातली. संगीत हेमंतकुमारांचं. पण पडद्यावर जी गारुड्याची पुंगी ऐकू येते, ती पुंगी नाहीच. तो आवाज कल्याणजींनी क्लॅव्हायोलिनवर काढला, जोडीला संगीतकार रवींची हार्मोनियम. क्लॅव्हायोलिन म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारं विजेचं छोटं वाद्य, एका वेळी एकच सूर देणारं. फ्रान्समध्ये ते तयार होऊन तेव्हा फार वर्षं झालेली नव्हती. इंग्लंडात याच वाद्यानं गाजलेलं 'टेलस्टार' 1962 चं, बीटल्सनी ते वापरलं 1967 मध्ये. मुंबईतला एक तरुण त्याच्या कितीतरी आधी त्यातून असा आवाज काढतो की देशभरातल्या लोकांना तो खऱ्या पुंगीचा वाटतो! इलेक्ट्रॉनिक संगीत आपल्या गावात कधी आलं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, वरातीतून आलं.

हे दोघे मूळचे कच्छचे. वडील वीरजी शहा मुंबईला आले, किराणा दुकान टाकलं, आणि पोरं वाढली गिरगावात, मराठी-गुजराती शेजारात. असं सांगतात, की उधारी फेडता न आलेल्या एका गिऱ्हाइकानं पैशांच्या बदल्यात या पोरांना सूर शिकवले. एका बाजूला गरबा, दुसऱ्या बाजूला भजनं आणि गणपतीतले मेळे, समोर इराण्याच्या हॉटेलातली गाणी; गिरगावात त्या काळी कान असेच तयार होत. धाकटा भाऊ बाबला तालवाद्यांत मुरलेला. भावांच्या गाण्यांतला ताल पुष्कळदा त्याच्या हातातून गेलेला आहे. पुढं त्यानं डिस्को दांडिया काढला. त्याच्या वाद्यवृंदाची गाणी पार त्रिनिदादपर्यंत वाजली, तिथं उसाच्या मळ्यांत नेलेल्या आपल्या लोकांची नातवंडं त्यावर नाचली.

आता तुझ्या कामाचं. आपण गाणं ऐकतो ते शब्दासाठी आणि गळ्यासाठी. अंतरा संपून मुखडा यायच्या आत जे काही सेकंद जातात, त्यात आपण घोटभर चहा पितो. सॅम्पल काढणारा नेमका तिथं जागा असतो. खळ्यावर कणसांची रास पडलेली असताना जाणता शेतकरी त्यातली भरदार कणसं बियाण्यासाठी वेगळी काढून आढ्याला टांगतो, तसा तो अख्ख्या रेकॉर्डमधून दोन मात्रांचा तुकडा निवडतो. तेव्हाच्या रॅपवाल्यांकडं तुझ्यासारखा लॅपटॉप नव्हता. 1987 मध्ये आलेल्या एसपी-1200 या यंत्रात सगळं मिळून दहा सेकंदांचाच आवाज मावायचा. मग पोरं 33 च्या वेगाची रेकॉर्ड 45 वर पळवून आत घ्यायची आणि यंत्रात पुन्हा संथ करायची, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावे. त्या खटपटीतून आवाजाला जी खरखर आली, तीच पुढं त्या संगीताची ओळख झाली.

अशा कानांना कल्याणजी-आनंदजी सापडले यात नवल नाही. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या मारधाडीच्या चित्रपटांचं पार्श्वसंगीत ऐक. बासगिटार पुढं, ब्रास अचानक तुटून पडणारा, ड्रमला आपला ढोलक लागून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅन द ऑटोमेटरनं त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून 'बॉम्बे द हार्ड वे' नावाची अख्खी तबकडी रचली. डीजे शॅडोसारखा मोठा माणूस त्यात सामील होता. काम उत्तम झालंय. पण एक गोष्ट मला अजून बोचते. त्यांनी तुकड्यांना नावं दिली ती 'फिस्ट्स ऑफ करी' असल्या धाटणीची. मूळ चित्रपटाचं, मूळ प्रसंगाचं नाव गेलं आणि वर करीचा शिक्का बसला. संगीत एवढ्या आदरानं कापायचं आणि नाव मात्र थट्टेनं ठेवायचं, हे मला पटत नाही.

2005 मध्ये ब्लॅक आइड पीजचं 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' आलं. त्यात 'डॉन'मधल्या 'ये मेरा दिल'ची सुरावट आहे आणि 1972 च्या 'अपराध'मधल्या 'ऐ नौजवान'चाही तुकडा. दोन्ही गाणी आशाबाईंची. अमेरिकेच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि रॅपच्या विभागात त्याला ग्रॅमी मिळालं. गाण्याच्या श्रेयात या भावांचं नाव आहे, आणि 2006 मध्ये त्याच सुरावटीसाठी तिकडच्या बीएमआय संस्थेनं त्यांना पुरस्कारही दिला. कल्याणजी तेव्हा नव्हते, 2000 सालीच गेले होते.

सगळ्यांच्या नशिबी हे येत नाही. 'डोन्ट फंक'च्या तीनच वर्षं आधी 'अ‍ॅडिक्टिव्ह' नावाचं गाणं गाजलं, ट्रूथ हर्ट्सनं गायलेलं, डीजे क्विकनं बांधलेलं. त्याच्या पोटात लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' सरळ वाजतंय. 1981 च्या 'ज्योती'तलं गाणं, संगीत बप्पी लाहिरींचं. तबकडीवर त्यांचं नाव नव्हतं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेलं आणि 2003 मध्ये आदेश झाला, लाहिरींचं नाव लावल्याशिवाय ती तबकडी विकायची नाही.

आणि हे फक्त आपल्याच माणसांबाबत होतं असं समजू नकोस. शिकागोचा सिल जॉन्सन हा सोल गायक बघ. 1967 च्या त्याच्या 'डिफरंट स्ट्रोक्स'ची सुरुवातीची हुंकार-आरोळी आणि ड्रम वू-टँग क्लॅनपासून पब्लिक एनिमीपर्यंत किती जणांनी कापले! आणि हा माणूस गाणं बाजूला ठेवून मासळीची उपाहारगृहं चालवत होता. पुढं त्यानं एकेकाला गाठून आपला हिस्सा मागितला. काहींनी दिला. सायप्रस हिलविरुद्धचा खटला मात्र तो हरला, कारण त्या खटल्यातलं त्याचं दुसरं गाणं 1969 चं, आणि अमेरिकेच्या कायद्याचं संरक्षण 15 फेब्रुवारी 1972 पासूनच्या ध्वनिमुद्रणांना होतं. तीन वर्षांच्या फरकानं हक्क गेला. 2010 मध्ये त्याचं सगळं जुनं काम एका संचात निघालं, त्याला ग्रॅमीची नामांकनं मिळाली, तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता. 2022 मध्ये गेला.

मला तुझ्याकडून काय हवंय ते आता सांगतो. तू पाठवलेल्या बीटमध्ये मधेच हलगीचा जो तुकडा येतो, तो तू तीर्थपुरीकडच्या लग्नाच्या व्हिडिओतून उचललायस, मला ऐकताक्षणी कळलं. तुकडा जबरदस्त निवडलास. डाव्या हातातल्या बारीक चिमकीची जी थरथर आहे ना, ती शिकवून येत नाही, ती घरात असावी लागते. पण त्या वाजवणाऱ्याचं नाव कुठाय? अमेरिकेतल्या संगीतकाराकडं निदान वकील असतो. आपल्या हलगीवाल्याला आपला हात पुण्याच्या एखाद्या गाण्यात वाजतोय हे कळणारसुद्धा नाही. लोक त्याला लग्नात वाजवायला बोलावतात, सुपारी देतात आणि जेवणाच्या पंगतीला सगळ्यात शेवटी बसवतात. तू तसं करू नकोस. त्याचं नाव विचारून गाण्याखाली लिही. पैसे मिळाले तर त्याचा वाटा त्याला दे, आणि नाहीच मिळाले तर गाणं त्याला ऐकवून परवानगी तरी घे. मी चौकशी केली, तो माणूस कुंभार पिंपळगावच्या बाजारात भेटतो म्हणतात. तू आलास की दोघं मिळून जाऊ.

तोवर एक काम कर. हेडफोन लाव आणि 'ये मेरा दिल' ऐक, पण आशाबाईंकडं लक्ष न देता. अवघड जाईल, तरी कर. मग 'अपराध'चं गाणं, मग 'धर्मात्मा'चं पार्श्वसंगीत, आणि शेवटी 'सरस्वतीचंद्र'मधलं 'चंदन सा बदन'. हे शेवटचं सॅम्पलसाठी नाही. ब्रास आणि बासगिटारचा एवढा दणका देणाऱ्या त्याच माणसांनी इतकी हळुवार चाल बांधली, हे तुला माहीत असावं म्हणून. काय काय सापडलं ते मिनिट-सेकंदासकट लिहून पाठव.

तुझी आई बरी आहे. खोकला गेला.

तुझा,
मामा