उलट बाजू

गोदावरीच्या काठी वसलेल्या आमच्या कोपरगावाची ख्याती इतिहासप्रेमींच्या लेखी राघोबादादांच्या वाड्यामुळे, भाविकांच्या लेखी बेटातील शुक्राचार्यांच्या देवळामुळे आणि व्यवहारी माणसांच्या लेखी उसामुळे व साखरेमुळे असली, तरी मामलेदार कचेरीतील एका कारकुनाच्या मुलीला, म्हणजे मला, या गावाचे पहिले आकर्षण वाटले ते आळीच्या तोंडाशी असलेल्या शिंपीकाकांच्या ओट्याचे. वस्त्राविषयीची ही ओढ काही उदात्त प्रेरणेतून उगवलेली नव्हती. महायुद्धाचे दिवस होते. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण बसवले आणि दुकानांपेक्षा कचेरीच्या दप्तरांतच कापड अधिक आढळू लागले. आईच्या विटलेल्या लुगड्यातील धड भाग हुडकून त्याचा परकर शिवावा, उरल्यासुरल्यातून धाकट्याचे झबले काढावे, आणि त्यातूनही जे उरेल ते गोधडीच्या ठिगळाला लावावे, हा तेव्हा घरोघरचा शिरस्ता होता.

या शिरस्त्यापायी माझ्या वाट्याला आधी आले ते उसवणे. शिवणे पुष्कळ नंतरचे. सुईच्या टोकाने टीप अलगद उचलायची, दोरा शक्य तितका अखंड ओढून घ्यायचा आणि तो जुन्या रिळाला गुंडाळून ठेवायचा, कारण दोराही स्वस्त नव्हता. इतर मुलींना कंटाळवाणे वाटणारे हे काम मला मोठे रंजक वाटे. बाहेरून गुळगुळीत दिसणारा सदरा आतून किती ठिकाणी जोडलेला आहे, बाही मुंढ्यात बसवण्यासाठी कापडाला कोठे चुचकारले आहे, वाढत्या अंगाच्या मुलासाठी शिंप्याने किती माया सोडली आहे, हे सारे उसवणाऱ्यालाच दिसते. कपडा हाती आला की तो प्रथम उलटा करून पाहायचा, ही खोड मला तेव्हाच लागली, आणि लोकांच्या घरी जाऊन त्यांचे झबले-टोपडे उलटे करून पाहण्याबद्दल मी आईची बोलणीही खाल्ली.

शिंपीकाका नामदेव शिंपी समाजातले. प्रत्यक्ष नामदेवमहाराजांचा व्यवसाय आपल्या हाती आहे, या अभिमानाने त्यांची मान नेहमी ताठ असे. माप ते वार आणि गिरह यांत बोलत. कापड पसरून, हाती खडू घेऊन ते इतका वेळ नुसते पाहत बसत, की गिऱ्हाईक अस्वस्थ होई. एकदा मी घाई केली तेव्हा म्हणाले, "पोरी, शिलाई उसवता येते, कातर उसवता येत नाही." उभा धागा कोणता, आडवा कोणता, आणि कळी तिरकी कापली म्हणजे घेर आपसूक कसा पडतो, हे मी त्यांच्यापाशी शिकले.

पुढे घरी पायाचे यंत्र आले. हातातल्या सुईचे नेढे बुडाशी असते, यंत्राच्या सुईचे मात्र टोकाशी. अशी सुई वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील एलियास हौ याने १८४६ साली घेतले. सुईने खाली नेलेल्या दोऱ्याच्या वेढ्यातून दुसरा दोरा ओवला जातो आणि टाका अडकतो. जुन्या यंत्रांत हा दुसरा दोरा वाहून नेणारा चिमुकला धोटा असे. धोटा तर विणकराचा! तेव्हा टाक्याचे मूळ शोधायचे, तर मागापाशी गेले पाहिजे, असे मनाने घेतले, आणि माग काही लांब नव्हता. मनमाडच्या रस्त्याने नदी ओलांडून गेले, की काही कोसांवर पैठणीचे येवले.

तेथे एका घरात खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला विणकर पदरावरचा मोर विणत होता. धोटा नक्षीत फिरत नाही. तेथे प्रत्येक रंगाची निराळी तिल्ली. मोराच्या मानेपुरता निळा धागा जायचा, शेजारच्या रंगाच्या धाग्याला अडकून वळायचा आणि आपल्या हद्दीत परत यायचा. एका बोटाएवढी नक्षी भरायला किती वेळ लागतो, हे पाहताना माझी पाठ आपोआप दुखू लागली. जुन्या खोडीप्रमाणे मी तयार पदराचा कोपरा उचलून उलटा केला. तोच मोर, तितकाच निळा, तेच रेखीव डोळे. एकही लोंबता दोरा नाही. घरातली म्हातारी हसली. "बाई, उलटी बाजू हुडकताय? ती आमच्याकडं नसती."

त्या वाक्याने माझ्या हातच्या शिवणकामाचे पुष्कळ नुकसान केले, कारण तेव्हापासून आतली बाजूही बाहेरच्यासारखी नेटकी केल्याशिवाय कपडा देववेना, आणि शिलाईचे दर मात्र आळीत होते तेच राहिले.

हल्ली आजीची पैठणी कापून नातीचे परकर-पोलके शिवण्याची हौस वाढली आहे. वस्त्र आले की मी ते उजेडासमोर धरते. रेशीम घडीवर चिरते. काठ आणि पदर त्यामानाने टिकतात. अंग धड असेल तर मी कातर लावण्याचे साफ नाकारते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, जावो. अंगच गेले असेल तर मात्र काठ परकराच्या घोळाला येतो, पदर पोलक्याला. त्यातला मोर मी शिलाईत कधी जाऊ देत नाही. त्यापायी बाही एखादा गिरह आखूड झाली, तर पोरीच्या आईची कुरकुर ऐकून घेते.