सोयाबीनचे ढाळे

तोक्यो, २१ ऑगस्ट, रात्री

ती. अण्णा, सा. न.

पोचलो. आईला सांगा, जेवलो. काय ते ऐकून हसाल: सोयाबीन! खानावळीत टेकलो तोच, न मागता वाटीभर हिरव्या शेंगा पुढ्यात. पहिली सालीसकट चावली, लव घशाला लागली. शेजारच्या म्हाताऱ्यानं दाखवलं: शेंग ओठाशी धरून दाबायची, दाणा आपसूक तोंडात येतो. फुकट समजून चाटूनपुसून खाल्ल्या, तर बिलात ४०० येन. सव्वादोनशे रुपये, अण्णा! हुज्जत घातली, तर पोऱ्या भिंतीवरच्या जपानी पाटीकडे बोट दाखवून गप्प. बसायचे पैसे म्हणे. डोळे मिटतायत.

त्सुरुओका, २४ ऑगस्ट

हागुरो डोंगराच्या २,४४६ पायऱ्या चढलो. गुडघे गेले, बाकी फोटोत बघा.

त्या शेंगांचं नाव एदामामे. ‘एदा’ म्हणजे डहाळी, ‘मामे’ म्हणजे दाणे. डहाळीसकट विकायचे, म्हणून. आपण हरभऱ्याचे ढाळे म्हणतो, तसंच की! जुन्या एदो काळात फेरीवाले डहाळीसकट उकडून विकत, लोक चालता चालता सोलून खात. १२७५ साली निचिरेन नावाच्या भिक्षूनं भक्तानं पाठवलेल्या असल्याच शेंगांबद्दल आभाराचं पत्र लिहिलंय. शेंगांवर पत्र लिहिणारा मी काही पहिला नाही.

इथला वाण दादाचामामे. आपल्या दादाचा काही संबंध नाही. इथल्या बोलीत ‘दादाचा’ म्हणजे बाप. म्हणजे तुमचीच शेंग. तपकिरी लव, कमरेत बारीक, दिसायला अगदी दरिद्री. पण उकडताना आंबेमोहोराच्या भातासारखा वास सुटला आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मग काही सुचेना. घरमालकीण कात्रीनं शेंगांची टोकं कापते, मीठ आत जावं म्हणून, मग मीठ चोळून चार-पाच मिनिटं उकळते. तोडणी पहाटे, तोडल्यावर गोडी झपाट्यानं उतरते.

एवढी वर्षं आपण सोयाबीन पेरतो, वाळवतो, मोंढ्यावर घालतो आणि भाव पडला की रडतो. हिरवी शेंग कधी तोंडात घातली नाही.

आता दाणे भरत आले असतील. विहिरीकडच्या दोन तासांवर आता फवारा मारू नका. आणि कच्चे कुणी खाऊ नका, बाधतात. १० सप्टेंबरला येतोय, मीच उकडतो.

तुमचा,
बाळू