साठ हजारांचा डबा

काल रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. विश्रामबागेहून. कसा आहेस नाही, जेवलास का नाही, एकदम मुद्द्यावर. "मामा, रॅम वाढवायचीय. सोळाची बत्तीस करूया का?"

"भाव बघितलास का?" म्हटलं.

पलीकडे शांतता. मग हळूच, "बघितला. म्हणून तर तुला फोन केला."

मंडळी, हा जो पीसी आहे ना, त्याची कुळकथा सांगण्यासारखी आहे. २०२४ च्या मे महिन्यात तो जमला. भाच्याची बारावी झालेली, सीईटी झालेली, आणि अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक एफडी मॅच्युअर झालेली. अप्पा म्हणाले, साठ हजार देतो, त्याच्या वर एक रुपया नाही, आणि मामा सांगेल तसंच घ्यायचं. ताईचा विरोध होता. तिने भाच्याला सगळ्यांसमोर विचारलं, "कशाला पाहिजे तुला एवढा महाग कॉम्प्युटर?"

भाचा म्हणाला, "गेम खेळायला."

नुसतं एवढंच. अभ्यासाला नाही, कोडिंगला नाही, प्रोजेक्टला नाही. ताई बघतच राहिली. अप्पांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "चला, या घरात कुणीतरी खरं बोललं."

आता हे माझ्याकडे बघत का म्हणाले, ते सांगायला वीस वर्षं मागे जायला पाहिजे. २००४ साली मी वालचंदला होतो. घर विश्रामबागेतच, कॉलेज चालत दहा मिनिटांवर, पण अर्धा मुक्काम मित्रांच्या हॉस्टेलच्या खोलीत. तिथे काउंटर स्ट्राइक चालायचं. घरी असेम्बल्ड पीसी होता, पण ग्राफिक्स मदरबोर्डावरचंच. अप्पांना सांगितलं की प्रोजेक्टला ग्राफिक्स कार्ड "कम्पल्सरी" आहे. अप्पा झेडपीच्या शाळेत मास्तर. बत्तीसशे रुपये मोजून दिले. मी आणलं जीफोर्स एफएक्स ५२००. खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात १२८ एमबी. घरी येऊन नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड लावला, तर गाडी अशी धावायची जशी ऊसाची बैलगाडी चढावर.

कारण नंतर कळलं. एफएक्स ५२०० हे एकच नाव, पण आत दोन प्रकार. एकाची मेमरी १२८ बिटांच्या रस्त्याने जायची, दुसऱ्याची ६४ बिटांच्या. म्हणजे गोदाम तेवढंच मोठं, पण दार अर्धं. खोक्यावर गोदामाचा आकार छापलेला, दाराचा नाही. माझ्या वाट्याला अर्थातच अर्ध्या दाराचं आलं.

ही जुनी गोष्ट आहे असं वाटत असेल तर तसं नाही. जीटी १०३० आलं २०१७ ला, जीडीडीआर५ मेमरी घेऊन. २०१८ मध्ये त्याच नावाचं डीडीआर४ वालं काढलं, मेमरीचा वेग जवळजवळ एक तृतीयांश. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं, १९२ बिटांचं कार्ड. २०२२ मध्ये त्याच नावाचं ८ जीबीचं आलं, १२८ बिटांचं. ३०५० चं ६ जीबीचं भावंड २०२४ मध्ये आलं, त्यात फक्त मेमरी कमी नाही, कोअरसुद्धा कमी. नाव तेच, आतला माल वेगळा. गिऱ्हाईक बिचारं नाव वाचतं.

असो. तर भाचेबुवांचा हट्ट होता आरटीएक्स ३०६०, १२ जीबीच पाहिजे. नवं बजेटमध्ये बसेना. त्याने कुठूनतरी मिरजेत एक सेकंड हँड शोधून काढलं, पंधरा हजार. भर उन्हात स्कूटरवरून सांगली-मिरज रोडने गेलो. खोलीत गेलो तर फळीवर तसलीच चार कार्डं ओळीने मांडलेली. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. विकणारा म्हणाला, "गेमिंगला वापरलंय फक्त, मित्राचं आहे." मित्र चार कार्डं लावून कुठला गेम खेळत होता देव जाणे :)

मायनिंगची होती, दुसरं काय. २०२१ मध्ये इथेरियमच्या नादात लोकांनी कार्डं घाऊक भावात उचलली. ३०६० वर तर एनव्हिडियाने मुद्दाम लगाम घातला होता, मायनिंगचा वेग निम्मा व्हावा म्हणून, आणि मग स्वतःच एका बीटा ड्रायव्हरमधून चुकून तो लगाम काढून टाकला! पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि ही सगळी कार्डं रस्त्यावर आली.

मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. एका तापमानाला सलग चाललेलं कार्ड पुष्कळदा ठीक असतं, पंखे तेवढे झिजतात. माझी अट एकच होती, वीस मिनिटं फुल लोडवर चालवून दाखवा, आम्ही तापमान बघतो. तो नको म्हणाला. वेळ नाही म्हणाला, डेस्कटॉप दिसतोय ना, मग झालं की. मी उठलो.

परत येताना भाचा एक शब्द बोलला नाही. उसाच्या रसाला थांबलो तेव्हा म्हणाला, "मामा, तुझं बरंय. चुकलं तर पुढच्या महिन्यात पगार आहे. माझ्याकडे साठ हजार एकदाच आलेत. परत कधी येणार नाहीत."

मला पटकन काही बोलता आलं नाही. खरं तर त्याच कारणासाठी मी उठलो होतो, पण त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचंही बरोबर होतं. एकदाच मिळणार असेल तर माणूस सगळ्यात मोठं काय मिळेल तेच बघणार. रसाचे पैसे त्यानेच दिले, हट्टाने.

रात्री दोघं कागद घेऊन बसलो. मध्यममार्ग होता, ५६००जी घ्यायचा, त्यात ग्राफिक्स आतच असतं, आणि कार्ड वर्षभराने. पण वर्षभराने कोण देणार, हा प्रश्न आलाच. मग साधा रायझन ५ ५६००, सहा कोअर, अकरा हजार आठशे. बी४५० बोर्ड एकोणसाठशे. एएम४ सॉकेट जुनं होत आलेलं, पण त्यामुळेच स्वस्त. दुकानदाराला एवढंच बजावायचं की बायोस अपडेट करून दे, नाहीतर जुन्या बोर्डाला ५६०० ओळखू येत नाही. रॅम आठ-आठच्या दोन काड्या, छत्तीसशे. सोळाची एकच काडी टाकली तर निम्मा वेग वाया. एसएसडी ५०० जीबी, तेहेतीसशे. आणि कार्ड नवं कोरं, रेडिऑन आरएक्स ६६००, ८ जीबी, वीस हजार. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरला पुरून उरतं आणि वीज खातं जेमतेम १३२ वॅट. ते मी पुण्यात तपकीर गल्लीतून घेतलं, बाकी सगळं सांगलीतून. सांगलीत हजार-पाचशे जास्त गेले, पण बोर्ड बिघडला तर ताईला पुण्याला कुरिअर करत बसायला नको.

भांडण झालं ते एसएमपीएसवरून. भाच्याला काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट पाहिजे होतं, आणि दुकानदार त्याच्याबरोबर ४५० वॅटचा एसएमपीएस "फ्री" देत होता. मी म्हटलं, मेलो तरी नाही. २००५ मध्ये असाच फ्री एसएमपीएस माझ्या डब्यात होता. लोडशेडिंगचे दिवस. लाइट जायची ती जायचीच, पण येताना जो झटका देऊन यायची! एका संध्याकाळी फट्ट आवाज, जळका वास, आणि बोर्ड, रॅम दोन्ही खलास. एफएक्स ५२०० तेवढं वाचलं. वाचायला नको होतं तेच वाचलं. अप्पांनी दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत. "प्रोजेक्ट" संपलं का, एवढंच विचारलं.

तर ब्रॉन्झ रेटिंगवाला ५५० वॅटचा, अडतीसशेला. कॅबिनेट साधं जाळीचं, सव्वीसशे. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये काच कसली लावताय, डब्याला श्वास घेऊ दे. बेरीज झाली एक्कावन्न. राहिलेल्या नऊ हजारांत मॉनिटर, १४४ हर्ट्झचा, पाचशे रुपयांनी बजेट ओलांडून. ते पाचशे ताईने दिले, विरोध कायम ठेवून. घरचा ६०० व्हीएचा यूपीएस होता, तो साधारण ३६० वॅट देतो. आपला सगळा मिळून लोड तीनशेच्या आत. जमतंय.

जोडणी भाच्यानेच केली. अप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले, टॉर्च धरून. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. पाच मिनिटं. भाच्याचा चेहरा उतरलेला, ताईचा "मी सांगत होते" वाला. मला घाम. एफडी डोळ्यांसमोर नाचायला लागली. आणि मग दिसलं, मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या भोकात. ५६०० मध्ये ग्राफिक्सच नसतं, तिथे काय दिसणार! केबल बदलली, चित्र आलं. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं, नाहीतर ३२०० ची रॅम निवांत २४०० ने चालत बसते. आणि विंडोजमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवर होता तो १४४ वर नेला. हे दोन फुकटचे अपग्रेड कितीतरी लोक करतच नाहीत. भाच्याच्या एका मित्राने १४४ चा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवला, आणि वर सगळ्यांना सांगायचा की फरक डोळ्यांना कळतो.

त्या चार कार्डांतलं एक याच मित्राने घेतलं. ते आजही ठणठणीत चालतंय. भाचा दर दोन-तीन महिन्यांनी आठवण करून देतो.

आता रॅमचं. छत्तीसशेची काडीजोडी आता त्या भावात स्वप्नातसुद्धा मिळत नाही. २०२५ च्या अखेरीपासून भाव भडकले. एआयच्या डेटासेंटरांना मेमरी पाहिजे, कारखाने तिकडे वळले, मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. जगातली मोठमोठी मॉडेलं आणि विश्रामबागेतला एक पोरगा एकाच रांगेत उभे, आणि रांगेत पुढे कोण हे सांगायला नको. माझं पोटही त्याच धंद्यावर चालतं, त्यामुळे जास्त बोलत नाही.

भाच्याला म्हटलं, टास्क मॅनेजर उघड. गेम चालू असताना साडेचौदा जीबी भरलेले. त्यातले साडेचार ब्राउझरचे. "किती टॅब आहेत?" विचारलं. "असतील चाळीसेक." बंद करायला लावले, गेम परत लावला. अडखळणं बरंचसं गेलं. पूर्ण नाही. "अजून थोडं अडखळतंय," म्हणाला. म्हटलं, सध्या अडखळू दे, भाव उतरले की बघू.

मागून अप्पांचा आवाज आला, "काय म्हणतोय रे मामा?"

"रॅम महाग झालीय म्हणतोय, आजोबा."

"मग माळ्यावर त्याचा जुना डबा आहे की. त्यातली काढून घे म्हणावं. नाहीतरी प्रोजेक्ट संपलंय."