आधी भरा, मग काढा!

हल्ली अनोळखी नंबरवरून ‘गुड मॉर्निंग’ आलं की मी आधी देशाचा कोड बघतो आणि मग डीपी. डीपीत हमखास एक सुंदर मुलगी असते. तिच्या मागे समुद्र किंवा मर्सिडीज, क्वचित दोन्ही. ‘सॉरी हं, राँग नंबर’ म्हणते आणि मग जायचं सोडून गप्पाच मारत बसते. सिंगापूरला राहते, जिमला जाते, एकटी आहे आणि तिचे एक काका क्रिप्टोमध्ये जाम पैसे कमावतात! आता मला सांगा, राँग नंबर लागला तर तुम्ही-आम्ही काय करतो? फोन ठेवतो ना?

आपण सगळे या सिंगापूरच्या मुलीला ओळखून आहोत. ग्रुपवर तिचे स्क्रीनशॉट टाकून हसतो. पण माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राचे सहा लाख चाळीस हजार रुपये गेले, ते तिच्यामुळे नाही. त्याच्याकडे आला तो त्याचाच जुना टीम लीड. ज्यानं त्याला पहिलं अप्रेझल चांगलं दिलं होतं, ज्याच्या मुलाच्या बारशाला आम्ही दोघं चांदीची वाटी घेऊन गेलो होतो, तो.

मित्राचं नाव सांगत नाही, पण माणूस कसा आहे ते सांगतो. हिंजवडीत एका कंपनीत टेस्टिंग करतो. म्हणजे दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढण्याचाच पगार घेतो. मिसळीबरोबर एक्स्ट्रा पाव घेतला तर त्याचाही हिशेब ठेवतो. ‘लोभी आणि बावळट माणसं फसतात’ अशी एक समजूत आपण स्वत:च्या समाधानासाठी बाळगून असतो ना, ती या प्राण्याला कुठूनही लागू पडत नाही. त्याचा दोष म्हणायचाच तर एक आहे. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण!

लीडनं त्याला टेलिग्रामच्या एका ग्रुपवर घेतलं. तिथे एक ‘प्रोफेसर’ होते. ते रोज संध्याकाळी सांगायचे, अमुक वाजता तमुक कॉइन घ्या. आणि मग शंभरेक माणसं ‘थँक यू सर’, ‘आज ८ टक्के’, ‘बायकोला स्कूटी घेतली सर’ असे मेसेज टाकायची. (यातली खरी माणसं किती, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडतो? भरलेलं हॉटेल बघूनच आपण आत शिरतो.) ॲप लिंकवरून उतरवून घ्यायचं होतं. प्ले स्टोअरवर ते नव्हतं. त्यानं आधी दहा हजारच टाकले. आठवड्यात ११,८०० झाले. मग ह्यानं टेस्टर असल्यासारखी टेस्ट केली, पाच हजार काढून बघितले. दहा मिनिटांत बँकेत जमा!

खरा गळ तो होता. ते पाच हजार त्यांचा धंद्यातला खर्च. एका माणसाचा विश्वास पाच हजारांत मिळत असेल तर फार स्वस्त झाला.

पुढे तो पैसे टाकत गेला. दर वेळी वेगळ्या खात्यात. कधी कुठलेसे ‘ट्रेडर्स’, कधी ‘एंटरप्रायझेस’, एकदा तर नुसतं कुणा बाईंचं नाव. त्याला हे खटकलं होतं, त्यानं विचारलंही. उत्तर आलं, ‘सर, पीटूपीमध्ये असंच असतं.’ आता यातली मेख बघा. पीटूपी नावाचा प्रकार खरंच आहे, त्यात एक माणूस दुसऱ्या माणसाला थेट पैसे देऊन कॉइन घेतो. मात्र तिथे एक्स्चेंज मध्ये असतं, पैसे पोचेपर्यंत विकणाऱ्याचे कॉइन अडकवून ठेवतं. इथे तसं काहीच नव्हतं. त्याच्या पैशाचा एक नखाएवढा बिटकॉइनही कधी कुणी घेतला नव्हता. ॲपमध्ये जे हिरवे-लाल आलेख नाचत होते ते नुसतं चित्र होतं. पैसे बँकेतून बँकेत आणि तिथून पुढे कुठे कुठे पसार झाले होते.

सहा महिन्यांत स्क्रीनवरचा आकडा २१ लाख ४० हजारांवर गेला. डिसेंबरात लग्न, त्याआधी वाकडला टू बीएचके बुक करायचा. म्हणून तो पैसे काढायला गेला, तर निरोप आला, ‘सर, नफा १५ लाख. सरकारी नियमाप्रमाणे ३० टक्के टॅक्स, साडेचार लाख. तो आधी भरा, मग पैसे काढता येतील.’

आणि एका शनिवारी संध्याकाळी कर्वे रोडवर चहाच्या टपरीपाशी तो मला म्हणाला, ‘दोन लाख दे ना. अडीचचं पर्सनल लोन झालंय. आठ दिवसांत परत करतो.’

कॉलेजपासूनची सोळा वर्षांची मैत्री. माझ्याकडे दोन लाख होते, हे त्याला माहीत होतं.

इथे मला एका गोष्टीची मदत झाली. मी स्वत: २०२१ मध्ये, सगळं जग घेत होतं तेव्हा, थोडे कॉइन घेतले होते आणि त्याचं रिटर्न स्वत: भरलं होतं. त्यामुळे हा टॅक्स मला ठाऊक होता. ३० टक्के खरंच आहेत. २०२२ च्या बजेटमध्ये आले, १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले, वर सेस वेगळा. पण तो टॅक्स आपण भरतो, सरकारला, आपल्या पॅन नंबरवर, आपल्या रिटर्नमध्ये. कुठलंही ॲप तो आपल्याकडून आगाऊ गोळा करत नाही. १ जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएस आहे, तोही विक्रीच्या रकमेतून कापून घेतात आणि उरलेले आपल्याला देतात. आपला पगार आठवा. ‘आधी टीडीएस रोख आणून द्या, मग सॅलरी सोडतो’ असं एचआर म्हणालं तर आपण काय करू?

हे मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. म्हणाला, ‘द्यायचे नसतील तर सरळ नाही म्हण ना. टॅक्सचं लेक्चर कशाला?’ मी म्हटलं, ‘बरं, नाही. देत नाही. पण एक कर. त्यांना सांग, माझ्या एकवीस लाखांतून साडेचार कापून घ्या आणि बाकीचे द्या. तेही जमत नसेल तर फक्त हजार रुपये काढून द्या.’

चहाचे पैसे न देता तो निघून गेला. पुढे नऊ दिवस फोन नाही, मेसेज नाही. त्या नऊ दिवसांत मला वाटत होतं की, समजा, एक टक्का जरी ते खरं निघालं तर ह्याचं घर माझ्यामुळे गेलं असं तो जन्मभर म्हणणार. टेन्शन पैशाचं नव्हतं.

दहाव्या रात्री त्यानं ते विचारलं. आधी उत्तर आलं, ‘सिस्टिम अलाऊ करत नाही सर.’ मग, ‘२४ तासांत टॅक्स भरला नाही तर अकाउंट फ्रीज होईल.’ मग ‘प्रोफेसरां’नी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. रात्री दोन वाजता तो माझ्या दारात उभा होता.

आणि हे कुठे, तर पुण्यात! ज्या शहरानं ‘गेनबिटकॉइन’ बघितलं त्या शहरात. आठवतंय का? एक बिटकॉइन द्या, आम्ही मायनिंग करतो, दर महिन्याला दहा टक्के बिटकॉइन घ्या, १८ महिने. प्रमुख आरोपी अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये पकडलं, जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली, आरोप असा की जप्त करायच्या क्रिप्टोवर त्यांनीच हात मारला. (सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही!) पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी देशभर साठहून जास्त ठिकाणी छापे घातले.

मला त्यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. बिटकॉइनचं मायनिंग करणाऱ्याला दर ब्लॉकमागे किती कॉइन मिळणार हे आधीच ठरलेलं असतं आणि साधारण चार वर्षांनी ते निम्मं होतं. जुलै २०१६ मध्ये ते २५ वरून साडेबारावर आलं. म्हणजे मायनिंगचं उत्पन्न एका दिवसात अर्धं झालं. आणि यांचे दहा टक्के? दहाच टक्के! गाय निम्मं दूध द्यायला लागली तरी गवळी रोज तेवढंच माप घालतोय म्हटल्यावर दूध कुठून येतंय हे विचारायला नको? नव्या माणसाचे कॉइन जुन्या माणसाला, एवढाच फंडा. नवे कॉइन आटले तेव्हा मग त्यांनी बिटकॉइनऐवजी स्वत:चंच ‘एमकॅप’ नावाचं नाणं लोकांच्या हातावर ठेवलं.

पण हे गणित करायला बसतं कोण? ‘गेनबिटकॉइन’ही लोकांकडे जाहिरातीतून कमी आणि भाऊजी, शेजारी, जुना वर्गमित्र यांच्यामार्फत जास्त पोचलं. ‘वनकॉइन’चंही तेच. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी त्यांच्या एका मेळाव्यातच धाड घालून अठरा जणांना धरलं, तेव्हा सभागृहात माणसं आपापले पाहुणे घेऊन आली होती. त्या नाण्याला खरी ब्लॉकचेनच नव्हती असं अमेरिकेतल्या सरकारी वकिलांनी पुढे कोर्टात मांडलं. त्याची म्होरकी रुजा इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ मध्ये जी गायब झाली ती झालीच, २०२२ मध्ये एफबीआयनं तिला टॉप टेन फरारींत टाकलं.

ऑफिसमध्ये हा विषय निघाला की लोक हमखास विचारतात, ‘पण व्हेरिफाइड असेल तर?’ अहो, डिसेंबर २०२१ मध्ये खुद्द पंतप्रधानांचं ट्विटर अकाउंट हॅक करून ‘भारतानं बिटकॉइनला मान्यता दिली’ असं टाकलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब चॅनलवर सुनावणीऐवजी क्रिप्टोचा व्हिडिओ दिसत होता. ब्लू टिक कसली घेऊन बसलात! मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंग कायद्याखाली एफआययूकडे नोंदणी करावी लागते, ती आहे का हे जरूर बघावं. पण ती म्हणजे पैशाची हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर डल्ला पडला तेव्हा सुमारे २३ कोटी डॉलर्सचे कॉइन गेले, आणि तिथे व्यवहार करणाऱ्या माझ्या दोन कलीग्जचे पैसे वर्षभराहून जास्त काळ अडकून पडले होते. ते तरी चोरी होती. मित्राच्या ॲपमध्ये तर चोरायलाही काही नव्हतं.

त्या रात्री दोन वाजता आम्ही आधी १९३० ला फोन लावला. सायबर फ्रॉडची हेल्पलाइन आहे, नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. पोर्टलवरही तक्रार टाकली. पैसे गेल्यावर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, कारण ते बँकेच्या खात्यात असेपर्यंत थांबवता येतात. एकदा क्रिप्टो होऊन दुसऱ्याच्या वॉलेटमध्ये गेले की ‘ट्रान्झॅक्शन रिव्हर्स करा’ म्हणून ओरडायला तिथे बँक मॅनेजर नसतो. त्याचे बहुतेक पैसे महिन्यांपूर्वीच पुढे सरकले होते. फक्त शेवटच्या खात्यात ६२ हजार सापडले आणि तिथेच गोठवले गेले. ते परत मिळवायला कोर्टाची ऑर्डर लागते. फाइल चालू आहे.

लीडचेही चार लाख गेले होते, हे नंतर कळलं. त्याला पहिल्या महिन्यात खरंच पैसे मिळाले होते, म्हणून तो इतक्या कौतुकानं सांगत सुटला होता. मित्र त्याच्यावर केस करणार नाही म्हणाला. मला ते पटलेलं नाही, आमचं यावर अजूनही वाजतं.

मध्यंतरी मित्राला एक फोन आला. सभ्य आवाज, शुद्ध मराठी. ‘सर, आम्ही फ्रॉडमध्ये गेलेले पैसे रिकव्हर करून देतो. पंधरा टक्के फी, आधी भरावी लागेल.’ ज्यांनी लुटलं तेच किंवा त्यांच्याकडून नंबरांची यादी विकत घेतलेले कुणीतरी. मित्र म्हणाला, ‘मिळालेल्या पैशांतून कापून घ्या ना.’ फोन कट! तोही नंबर त्यानं पोर्टलवर टाकला.

पर्सनल लोन त्यानं वापरलं नव्हतं, ते परत केलं. होणाऱ्या बायकोला सगळं सांगितलं, ती दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी भाड्याच्या घरांची यादी घेऊन आली. वाकडलाच घेतलंय, वन बीएचके. बाबांना मात्र अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय, बिल्डरनं पझेशन लांबवलंय.