बाल्टिमोरचें बिऱ्हाड

अमेरिकेस जाऊन येणारे आपले लोक न्यूयॉर्कचे गगनचुंबी मनोरे पाहतात, वॉशिंग्टनचीं शुभ्र राजभवनें पाहतात, आणि ह्या दोहोंमधील बाल्टिमोर शहर आगगाडीच्या खिडकींतून पाहून पुढें जातात. मेरीलँड राज्यांतील हें जुनें बंदर वॉशिंग्टनपासून अवघ्या ४० मैलांवर आहे. पण तेथें मुद्दाम उतरावें असें फारसें कोणास वाटत नाहीं. मला मात्र तेथें पांच महिने राहण्याचा योग आला. आमचे चिरंजीव तेथील एका रुग्णालयांत निवासी डॉक्टर, म्हणजे तिकडच्या भाषेंत रेसिडेंट, आहेत. घरांत तान्हें मूल, आणि त्या दोघांखेरीज तिसरें माणूस नाहीं, म्हणून मी गेलें. पाहुण्यास शहर दिसतें तें चौकांतून व पुतळ्यांतून. बिऱ्हाड करणाऱ्यास तें घरभाड्यांतून व भाजीच्या पिशवींतून दिसतें. हें दुसरें दर्शनच येथें सांगावयाचें आहे. कारण ज्या घरचा मुलगा किंवा मुलगी वैद्यकाच्या पुढील अभ्यासासाठीं तिकडे निघण्याच्या तयारींत आहे, त्या घरास ह्याचाच उपयोग अधिक.

ह्या शहरांत प्रथम लक्षांत राहतात तीं तेथील ओळीनें बांधलेलीं घरें. लाल विटांचीं, अरुंद दर्शनी भिंतींचीं, दोन-तीन मजल्यांचीं हीं घरें खांद्यास खांदा लावून गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उभीं असतात. पुष्कळांस अंगण नाहीं, ओटा नाहीं. रस्त्यावरून थेट दाराशीं नेणाऱ्या तीन-चार पायऱ्या मात्र पांढऱ्या संगमरवराच्या. शहराच्या उत्तरेस कॉकीझव्हिल म्हणून गांव आहे, तेथल्या खाणींतला हा दगड. वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध स्मारकस्तंभासहि तो लागला आहे. साध्या कामगाराच्या दारींहि अशा पायऱ्या असत आणि घरची बाई त्या दर आठवड्यास घासून लख्ख करी. आपल्याकडे सडासंमार्जनावरून गृहिणीची परीक्षा होत असे, तशी तेथें पायऱ्यांवरून. त्या श्रमाची मजुरी कोणी कधीं मोजली नाहीं. शहराची शोभा मात्र तिच्यावर उभी राहिली.

ह्याच शहराच्या पूर्व भागांत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा जुना घुमट दिसतो. हें रुग्णालय १८८९ मध्यें उघडलें, आणि त्याचें वैद्यकविद्यालय १८९३ मध्यें. मेरी गॅरेट नांवाच्या धनिक बाईंनीं विद्यालयास मोठी देणगी देतांना अशी अट घातली कीं, स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें प्रवेश मिळाला पाहिजे. म्हणून तेथें पहिल्या वर्षापासून मुली शिकल्या. निवासी डॉक्टरांची पद्धत अमेरिकेंत रुजली तीहि येथेंच. विल्यम ऑस्लर ह्यांनीं वैद्यकांत व विल्यम हॅल्स्टेड ह्यांनीं शस्त्रक्रियेंत, जर्मन रुग्णालयांचा धडा पुढें ठेवून, पदवीधर तरुणांस वर्षानुवर्षें हाताखालीं घेऊन तयार करण्याची वहिवाट घातली. हे तरुण रुग्णालयांतच राहत व तेथेंच जेवत. म्हणून त्यांचें नांव निवासी. रात्रंदिवस हांकेच्या अंतरावर असणें हा त्यांचा धर्म, आणि लग्न म्हणजे त्या धर्मांत विघ्न, अशी समजूत. हॅल्स्टेड ह्यांनीं स्वतः मात्र १८९० मध्यें आपल्याच शस्त्रक्रियागृहांतील परिचारिकेशीं विवाह केला. जंतुनाशक द्रवानें तिचे हात सोलवटत, म्हणून त्यांनीं तिच्यासाठीं रबराचे पातळ हातमोजे करवून घेतले, आणि पुढें तसे हातमोजे साऱ्या जगांत गेले, ही कथा वैद्यकाचे विद्यार्थी आवडीनें सांगतात.

राहण्याची सोय गेली, नांव तेवढें उरलें. आजचा निवासी डॉक्टर स्वतःचें घर भाड्यानें घेतो. पुष्कळदां त्या घरांत पत्नी असते, एखादें मूलहि असतें. वेतनाचा पाया मात्र अजून त्या ब्रह्मचारी शिष्यावरच रचलेला दिसतो. कामाच्या तासांस २००३ पासून देशभर मर्यादा आहे, पण ती आठवड्यास ८० तासांची, तीहि चार आठवड्यांची सरासरी धरून. सात दिवसांत सरासरीनें एक दिवस मोकळा. सलग पाळी २४ तासांची, आणि रोगी दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास त्यावर आणखी चार तासांपर्यंत.

आमच्या चिरंजीवांचें पहिल्या वर्षाचें वेतन ६८,००० डॉलर. हा आंकडा कानीं पडतांच आप्तेष्टांनीं त्याचा रुपयांशीं गुणाकार केला आणि आम्हांस कोट्यधीशांच्या पंक्तीस नेऊन बसविलें. गुणाकार सर्वांस येतो. वजाबाकी घरच्या बाईस करावी लागते. भागाकार केला तर आणखीच मौज. वर्षाकाठीं सुमारें ३,९०० तास काम धरलें तर तासास १७ डॉलरांहून थोडें अधिक पडतात. मेरीलँडमध्यें दुकानांतील साध्या नोकरासहि तासास १५ डॉलरांपेक्षां कमी देतां येत नाहीं, असा १ जानेवारी २०२४ पासूनचा नियम आहे. बरें, घासाघीस करावी तर तीहि सोय नाहीं. कोणत्या उमेदवारानें कोणत्या रुग्णालयांत जावें हें १९५२ पासून देशभरच्या एका जुळणीनें ठरतें, आणि मार्च महिन्यांतील एका शुक्रवारीं सर्वांस एकदम निकाल कळतो. ह्या जुळणीनें वेतन दडपलें जातें असा दावा कांहीं डॉक्टरांनीं २००२ मध्यें लावला होता. २००४ मध्यें तिकडच्या संसदेनें कायदा करून जुळणीस संरक्षण दिलें, आणि दावा फेटाळला गेला.

आमच्या सूनबाई हिशेबाची वही चोख ठेवतात. तिच्यावरून सांगावयाचें तर नाना प्रकारचे कर व विम्याचा हप्ता वजा जातां महिन्यास सुमारें ४,३०० डॉलर हातीं येतात. घरभाडें १,६५०, वीज, गॅस व इंटरनेट २२०, जुन्या मोटारीचा हप्ता, विमा व पेट्रोल ६५०, वाणसामान, भाजी व दूध ६५०, फोन ६०, बाळाचे लंगोट व दुधाची पावडर १५०, परीक्षा व मुलाखती ह्यांसाठीं काढलेल्या कर्जाची फेड ३००. बेरीज ३,६८०. उरले ६२०; त्यांत विमानाचीं तिकिटें, दुखणेंखुपणें, सणवार, आणि परवान्याच्या शेवटच्या परीक्षेची ९०० डॉलरांहून अधिक फी. आणि बाळास दिवसभर ठेवून घेण्यास घराजवळच्या पाळणाघरानें महिन्यास १,८०० डॉलर मागितले. तें घरभाड्याहूनहि जड.

मग सूनबाईंनीं नोकरी करावी, असें कोणीहि म्हणेल. त्या स्थापत्याच्या इंजिनियर आहेत. पुण्यास सहा वर्षें त्यांनीं काम केलेलें आहे. पण येथें सरकारी नियम आडवे येतात. परदेशांतून येणारे पुष्कळ निवासी डॉक्टर जे-१ व्हिसावर असतात. त्यांच्या पत्नीस किंवा पतीस अर्ज करून कामाची मुभा मिळते. परंतु तिच्या मिळकतीवांचून डॉक्टरचें पोट भरत नाहीं असें दिसतां कामा नये. ती मिळकत कुटुंबाच्या करमणुकीस, सहलीस व अशाच गोष्टींस लागावी, असा कायद्याचा आशय. म्हणजे सुनेच्या पैशांतून नाटक पाहावें, पण पीठ आणूं नये! शिवाय अर्जाच्या निकालास महिने लागतात. एच-१बी व्हिसावरील डॉक्टरांच्या घरीं तर, कायम वास्तव्याची वाट बरीच चालून झाल्यावांचून, पत्नीस बहुधा कामाची मुभाच नसते.

ह्या पेंचांतून आपल्या लोकांनीं काढलेली वाट जुनीच आहे. आतां तिला विमान लागतें, एवढेंच. प्रथम सुनेची आई जाते, आणि तिची मुदत सरतां सरतां मुलाची आई. पाहुण्यांस बहुधा एका वेळीं सहा महिने राहतां येतें. म्हणून बाळाचें पहिलें वर्ष दोन आज्यांत वांटलें जातें. विहीणबाईंची व माझी विमानतळावर अर्ध्या तासाची गांठ पडली. तेवढ्यांत त्यांनीं बाळाच्या झोंपेच्या वेळा, दुधाचें माप, आणि मेथी कोणत्या दुकानांत ताजी मिळते, हें सारें मला सांगून टाकलें. चिरंजीव पाळी संपतांना आपले रोगी दुसऱ्या डॉक्टरच्या हवालीं करतात, तें ह्याहून निराळें नसावें.

नातवंडाचें सुख मोठें, ह्यांत शंका नाहीं. परंतु तेवढे महिने पुण्याच्या घरीं माझे यजमान एकटे होते. त्यांचें जेवणखाण व औषधपाणी थोरल्या जाऊबाईंनीं पाहिलें. विहीणबाईंनीं शाळेंतील नोकरीवर बिनपगारी रजा काढली होती. हे खर्च कोणत्याच वहींत नाहींत, असें मला वाटे. एके दिवशीं मीं सूनबाईंची वही चाळली, तों पाळणाघराच्या रकान्यांत दरमहा १,८०० लिहिलेले, आणि जमेच्या बाजूस तितकेच, ‘आई’ ह्या नांवानें. मीं विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “आई, तुम्ही परत गेलांत कीं हा खर्च खरा होणार आहे. तो आतांपासून डोळ्यांपुढें असलेला बरा.” त्यांच्या शहाणपणाचें मला कौतुक वाटलें, आणि जिला आंकडे इतके स्वच्छ दिसतात तिची विद्या घरांत बसून आहे, ह्याचें वाईटहि वाटलें.

एवढ्यावरून ते दिवस रडतखडत गेले असें कोणी समजूं नये. बेताच्या पैशांत राहणाऱ्यास हें शहर मोठें उदार आहे. वॉल्टर्स व बाल्टिमोर हीं दोन्ही कलासंग्रहालयें २००६ पासून सर्वांस फुकट पाहावयास मिळतात. दुसऱ्या संग्रहालयांत मातीस ह्या फ्रेंच चित्रकाराचीं चित्रें पुष्कळ आहेत. तीं कोन आडनांवाच्या दोन अविवाहित बहिणींनीं जमविलीं, आणि त्यांतील थोरली, क्लॅरिबेल, स्वतः डॉक्टर होती. इनॉक प्रॅट ह्या व्यापाऱ्याच्या दानांतून १८८६ मध्यें उघडलेलें सार्वजनिक ग्रंथालय गरीबश्रीमंत, काळागोरा असा भेद न करतां सर्वांस खुलें झालें. तेथें लहान मुलांसाठीं गोष्टी सांगतात, त्यास पैसे पडत नाहींत. शहराच्या मध्यभागीं बिनभाड्याची बस फिरते. हिंवाळ्याचे दिवस सोडले तर दर रविवारीं उड्डाणपुलाखालीं शेतकऱ्यांचा बाजार भरतो. चिरंजीवांची सुटी कधींमधीं रविवारीं आलीच, तर आम्ही बाळाची गाडी घेऊन पॅटरसन बागेंत जात असूं. तेथें चिनी घाटाचा एक जुना मनोरा आहे. आम्ही तो पाहत असूं. चिरंजीव बाकावर बसल्या जागीं झोंपी गेलेले असत.

साध्या वैद्यकाचा हा क्रम तीन वर्षांचा, शस्त्रक्रियेचा पांच किंवा अधिक वर्षांचा. त्यानंतर मिळकत वाढते हें खरें. परंतु जे-१ वाल्यांस दोन वर्षें स्वदेशीं परतावें लागतें, नाहीं तर सूट मिळवून डॉक्टरांची वाण असलेल्या भागांत सेवा करावी लागते. म्हणून ज्या घरीं असा बेत शिजत असेल त्यांनीं निघण्यापूर्वीं वजाबाकी करून पाहावी. मुलाकडून पैशाची अपेक्षा इतक्यांत करूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ह्या वर्षांत कोणाचा वेळ किती खर्ची पडणार, आजीचा किती आणि सुनेचा किती, हें आधीं मोकळेपणानें बोलून ठरवावें. गृहीत धरूं नये. हॅल्स्टेड ह्यांच्या शिष्यांचें घरावांचून चाललें. आजच्या शिष्याचें वेतन पुरतें तें घर आहे म्हणून, आणि तें घर कोणाच्या तरी हातांवर चालतें.

मी निघालें तेव्हां सूनबाईंच्या कामाच्या मुभेचा कागद यावयाचा होता. तोंवर तिकडील इंजिनियरांच्या परीक्षेचा अभ्यास करावयाचा, आणि चिरंजीवांच्या मोकळ्या दिवशीं सकाळचे चार तास बाळ त्यांनीं सांभाळावयाचें, असें दोघांचें ठरलें आहे. तें वहीच्या पहिल्या पानावर लिहिलें असून खालीं दोघांच्या सह्या आहेत.