पात्यावरचा शिक्का : घडीच्या चाकूची आणि भरवशाची गोष्ट

१/ भाईंदर पूर्वेच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका निवृत्त गृहस्थांनी नवा घडीचा चाकू वर्तमानपत्रावर ठेवला आणि चष्मा पुसून तो निरखायला घेतला. अंधेरीच्या एका कारखान्यात त्यांनी ३१ वर्षे तपासनीस म्हणून काढली होती. नातू शनिवारी रात्री सह्याद्रीत ट्रेकला निघणार होता; चाकू त्याच्यासाठी होता. दहा मिनिटांत त्यांना चार दोष सापडले. तीन किरकोळ होते. चौथ्याने बोट कापले असते. एका चाकूतील या दोषांमागे काही शतकांचा इतिहास उभा आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ पहिला दोष : मिटलेले पाते मधोमध न बसता एका बाजूला घासत होते. दुसरा : दोन्ही अंगांचा उतार सारखा नव्हता. तिसरा : धारेवर घासकामात उरलेला, कुसळासारखा बारीक तुरा होता, कारखान्यात त्याला ‘बर’ म्हणतात. चौथा दोष लॉकचा. उघडलेल्या पात्याला मागून अडवणारी पोलादी पट्टी त्याच्या बुडाखाली जेमतेम कडेपुरती सरकत होती. बोटे दूर ठेवून त्यांनी पात्याची पाठ पाटावर हलकेच दाबली. पट्टी निसटली आणि पाते मुठीकडे मिटू लागले.

३/ घडीच्या चाकूचे सारे सुख आणि सारा धोका त्याच्या सांध्यात असतो. ही कल्पना फार जुनी. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे इसवी सनापूर्वी सुमारे ६०० वर्षांचा घडीचा चाकू सापडला आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांनी पात्याच्या पाठीमागे कमान बसवून ते जागच्या जागी दाबून धरण्याची पद्धत रुळवली. पण दाबून धरणे वेगळे आणि अडवून धरणे वेगळे. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला पाते अडवणारे फिरते कडे १९५५ मध्ये मिळाले. पातळ पट्टीचे आजचे लॉक अमेरिकी कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकात विकसित केले.

४/ वॉकर यांच्या रचनेचे सौंदर्य असे की अंगठ्याने पट्टी बाजूला सारली की चाकू एका हाताने मिटतो. तिची नाजूक बाजू अशी की सारा भरवसा मिलिमीटरच्या अंशावर उभा असतो. पट्टीचे टोक पात्याच्या बुडाखाली पुरेसे आत सरकले पाहिजे. टोकाचा तिरकेपणा बुडाच्या उताराशी जुळला पाहिजे. कमी सरकले तर निसटते, जास्त सरकले तर पाते खिळखिळे होते. आणि निसटते तेव्हा पाते ज्या खाचेत परतते, तिच्यासमोरच धरणाऱ्याची बोटे असतात.

५/ मराठीने धारेचा हा विचार फार पूर्वी केला आहे. तापवलेले पोलाद विझवून कठीण करणे म्हणजे त्याला ‘पाणी देणे’. ज्याचे पाणी उतरले ते पाते गेले. माणसालाही आपण पाणीदार म्हणतो ते याच भट्टीतून. पात्याला झिलई आणि धार देणारे ते शिकलगार. ‘सैकल’ म्हणजे झिलई, त्यावरून हा शब्द आला. शस्त्र शिकलगाराच्या हातून गेले म्हणजे एका जाणत्या नजरेखालून गेले. गिऱ्हाईक त्याला ओळखत असे आणि तोही गिऱ्हाइकाला ओळखत असे.

६/ ओळख तुटली, अंतर वाढले, की शिक्का येतो. दख्खनेत युरोपीय पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. पाते समुद्रापलीकडून येई, मूठ इथे बसवली जाई. आज मीरा-भाईंदरच्या हद्दीत असलेला घोडबंदरचा किल्लाही त्याच फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी बांधलेला. १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला. परदेशी पाते घेणाऱ्याला ते घडवणारा दिसत नसे, दिसत असे ती पात्यावरची खूण. म्हणून खुणेला किंमत आली. आणि ज्याला किंमत येते त्याची नक्कल होतेच.

७/ जर्मन भूमीतील पासाऊच्या तलवारींवर धावत्या लांडग्याची खूण असे. झोलिंगेनच्या कारागिरांनी तीच खूण उचलली. इथल्या लोहारांनीही युरोपीय पात्यांवरच्या खुणांची नक्कल केली. ही सारी पाती वाईट होती असे नव्हे. झोलिंगेनची कित्येक पाती उत्तम होती. पण खूण एक सांगे आणि पोलाद दुसरेच असे, तेव्हा फसगत कळण्याची जागा बाजार नसून रणांगण असे. तिथे माल परत घेतला जात नाही.

८/ शेफील्डने यावर संस्था उभी केली. १६२४ मध्ये कायद्याने तेथील कातरी-चाकू करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. प्रत्येक कारागिराला स्वतःची खूण मिळाली. धारेला पोलाद न वापरणाऱ्याला दंड ठरला. पुढे जर्मन माल ‘शेफील्ड’च्या नावाने विकला जाऊ लागला तेव्हा तेथील कारखानदारांनी ओरड केली. १८८७ च्या ब्रिटिश कायद्याने खोट्या व्यापारखुणांना आळा घातला, आणि १८८९ मध्ये हिंदुस्थानातही तसाच कायदा आला. १९३८ मध्ये झोलिंगेननेही आपल्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळवले. ज्या गावाने इतरांच्या खुणा उचलल्या, त्यालाच अखेर स्वतःचे नाव जपावे लागले.

९/ खूण खरी असली तरी माल खरा असतोच असे नाही. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले. चाकूसाठी त्याचा उपयोग होईल हे त्यांनी ओळखले. परंतु या धातूला पाणी देण्याची रीत निराळी होती आणि जुन्या सवयीने काम करणाऱ्यांच्या हातून आरंभीची पाती बिघडली. न कापणाऱ्या चाकूंचा शोधक, अशी ब्रिअर्ली यांची थट्टा झाली. पुढे अर्नेस्ट स्टुअर्ट या कारखान्याच्या व्यवस्थापकाने योग्य रीत साधली, आणि ‘स्टेनलेस’ हे नावही त्यांच्याच तोंडचे.

१०/ हे स्टेनलेस भाईंदरला चांगले परिचयाचे. पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत पत्रा दाबून डबे, ताटे, पातेली घडवणारे लहान कारखाने दीर्घकाळ चालत आले आहेत. बफिंगचा आवाज आणि काळवंडलेले चेहरे ही तेथील ओळख. पण भांड्याचे स्टेनलेस आणि चाकूचे स्टेनलेस सख्खे भाऊ नव्हेत. भांड्यांत नेहमी वापरले जाणारे, निकेल असलेले पोलाद तापवून विझवले तरी कठीण होत नाही. चाकूच्या पोलादात कार्बन पुरेसा असतो, म्हणून त्याला पाणी देता येते. चाकूच्या पात्याला लोहचुंबक चिकटतोच. पण जे चिकटते ते सारे चाकूचे पोलाद, असे मात्र नाही.

११/ गृहस्थांनी शीतकपाटाच्या दारावरचा लोहचुंबक काढून पात्याला लावून पाहिला. चिकटला. कागद कापून पाहिला. बर होता तिथे कागद फाटला. सांध्याचा स्क्रू पाव फेरा सैल करताच पाते मधोमध आले. बर त्यांनी दगडावर हलक्या हाताने उतरवला. उताराचा फरक दिसायला वाईट होता, वापराला नव्हे. तीन दोष असे मिटले. चौथ्यापाशी ते थांबले. नातू शेजारीच बसला होता.

“आजोबा, ती पट्टी तुम्हीच जरा आत वाकवून द्या ना. तुम्हाला येतं की.”

“येतं. म्हणूनच नको.”

१२/ नातवाला हे कोडे वाटले. आजोबांनी समजावून सांगितले नाही. त्यांना एक मार्चअखेर आठवत होती. घडीच्या शिड्यांच्या बिजागरीत बसणाऱ्या पिनांची एक पेटी होती. गेजमध्ये काही पिना सैल पडत होत्या. मालगाडी दारात उभी होती. “साहेब, एवढ्यानं काय होतं?” असे वरून खालून सगळे म्हणाले. त्यांनी डेव्हिएशन नोटवर सही केली, पेटी गेली. त्या पिनांविषयी पुढे कधी काही कानांवर आले नाही. निवृत्तीनंतर त्यांना छळत होते ते हेच. काही कानांवर आले नाही, याचा अर्थ काही घडले नाही असा होत नाही.

१३/ त्यांच्या धंद्याचाही एक इतिहास आहे. १६ मे १९२४ रोजी अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी एका पानाच्या टिपणात नियंत्रण-आलेख मांडला. दोन वस्तू कधीच तंतोतंत सारख्या होत नाहीत. पण काही फरक निव्वळ योगायोगाचे असतात आणि काहींना शोधता येईल असे कारण असते, हा त्यामागचा विचार. पहिल्यावर डोके फोडू नये. दुसऱ्याचे कारण शोधून ते काढून टाकावे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले. भारतीय मानक संस्था ६ जानेवारी १९४७ रोजी स्थापन झाली होती. १९५२ च्या कायद्याने प्रमाणन-शिक्क्याची व्यवस्था आली, आणि पुढे ‘आयएसआय’ ही तीन अक्षरे घरोघरी पोचली.

१४/ दुसऱ्या दिवशी ते स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदार हसून म्हणाला, “काका, हजारात एखादा असा निघतो. बदलून देतो.”

“बाकीचे पाहू का जरा?”

काउंटरवर त्याच पेटीतले पाच चाकू आले. त्यांनी एकेक उघडून उजेडात धरला, पट्टी किती आत जाते ते पाहिले. पाचांपैकी दोघांत तोच दोष, त्याच जागी. हजारात एखादा म्हणजे योगायोग. पाचांत दोन म्हणजे कारण. कुठेतरी पट्टी वाकवणारे साधन झिजले असेल, किंवा तपासणारा हात महिनाअखेरीस घाईत असेल. त्या हाताला ते ओळखत होते.

१५/ या काउंटरवर गिऱ्हाईक एकटे नसते, हीही शंभर वर्षांच्या आतली गोष्ट. ‘घेणाऱ्याने पारखून घ्यावे’ हा जुना दंडक. १९३० च्या मालविक्री कायद्याने काही परिस्थितींत माल विक्रीयोग्य दर्जाचा असण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने सदोष वस्तूने झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकापर्यंत नेली, आणि राहत्या जागीच तक्रार करण्याची मुभा दिली. मीरा-भाईंदरच्या रहिवाशाला त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा आयोगापुढे जाता येते.

१६/ गृहस्थांना आयोगापर्यंत जायचे नव्हते. त्यांना इजा झालेली नव्हती. पण बदली चाकूही त्यांनी घेतला नाही. “पैसे नकोत आत्ता,” ते म्हणाले, “आधी हे तीन बाजूला ठेवा, कंपनीला परत पाठवा.” दुकानदार कुरकुरला. “काका, तुम्हाला येतं तर तुम्ही नीट करून घ्या ना. बाकी कोण बघतंय एवढं?”

नातू दारात उभा होता. आदल्या रात्रीचे कोडे त्याला इथे उलगडले. ज्याला येते त्याने गुपचूप दुरुस्त करून घेतले, तर दोष जगाच्या नजरेआड जातो आणि ज्याला येत नाही त्याच्या हाताची वाट पाहत बसतो.

१७/ त्यांनी दुकानातूनच एक कागद मागून घेतला. चाकूचा नमुना, खरेदीची तारीख, पावतीचा क्रमांक, पाच नगांपैकी किती सदोष, पट्टी किती सरकते याचे छोटे रेखाचित्र, आणि पाठ दाबल्यावर काय होते, एवढेच लिहिले. रागाचा एक शब्द नव्हता. तपासनिसाचा कागद असाच असतो. त्यात मत नसते, माप असते. दुकानदाराने तो वाचला, थोडा वेळ काही बोलला नाही, मग तीन चाकू कागदात गुंडाळून गल्ल्याखालच्या खणात ठेवले. सदोष चाकू पुन्हा फळीवर येणारच नाहीत, याची हमी मात्र कोणताच कागद देत नाही.

१८/ शनिवारी रात्री नातू घरातली जुनी सुरी पुठ्ठ्यात गुंडाळून घेऊन गेला. तिला सांधा नाही, लॉक नाही; तिची धार चाळीशी उलटलेल्या दगडावर लावलेली.

पासाऊचा लांडगा, शेफील्डच्या खुणा, झोलिंगेनचे नाव, आयएसआयची तीन अक्षरे : साऱ्या शिक्क्यांचा अर्थ अखेर एकच. ज्याचा हात आपण कधी पाहणार नाही, त्याला दिलेला तो शब्द असतो. दुकानातल्या त्या कागदाच्या तळाशी गृहस्थांनी सवयीने आडवी रेघ ओढली, तिच्याखाली ‘नापास’ असे लिहिले आणि सही केली. कितीतरी वर्षांपूर्वी एका मार्चअखेरीस ती करायची राहून गेली होती.